धारवाडच्या वाटा आणि जीपगाडी

पुण्याहून बंगळूरकडे जाणारी थोरली सडक बेळगाव मागे टाकून धारवाडला पोहोचते, तेव्हा ती एका सरहद्दीवर येऊन उभी राहते. ही सरहद्द राज्याची नव्हे, भाषेचीही नव्हे. ती मातीची आहे. धारवाडच्या पश्चिमेस अळणावर, हल्याळ, दांडेली या बाजूला तांबडी माती, जांभ्याचे कातळ, साग आणि बांबूचे रान. पूर्वेस हुबळी ओलांडली की अण्णिगेरी, नवलगुंद या बाजूला क्षितिजापर्यंत काळी जमीन. एकीकडे मलनाड, दुसरीकडे कापसाचा मुलूख, आणि मध्ये वीस किलोमीटरांच्या अंतरावर वसलेली ही दोन जुळी शहरे. 1962 पासून त्यांची महानगरपालिका एक आहे. 2014 पासून सरकारदरबारी हुबळीचे नाव ‘हुबळ्ळी’ झाले. पण आपल्या मराठी तोंडात जुने नाव बसले आहे, तेच मी येथे वापरतो.

अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि रोजच्या कामाला मोटार वापरणाऱ्या माणसाची एक अडचण असते. सोमवार ते शनिवार त्याची गाडी हुबळी-धारवाडच्या डांबरी रस्त्यावरून धावते. रविवारी मात्र ती जोयड्याच्या रानात किंवा नवलगुंदकडच्या शेतात न्यावी, असे त्याच्या मनात येते. त्यासाठी तो चारही चाकांना जोर देणारी गाडी घेतो आणि घेतल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून तिच्यावर साज चढवू लागतो. कोणी पुढे लोखंडी कठडा बसवितो, कोणी टपावर दिव्यांची रांग लावतो, कोणी गाडी चार बोटे उंच करून घेतो. आधी काय करावे आणि मागून काय करावे, हा प्रश्न वरवर हौसेचा दिसला तरी त्यात पैसा गुंतलेला असतो, आणि प्रसंगी जीवही. आज मी त्याचा इतिहास सांगणार आहे; कारण धारवाडच्या परिसरात हा प्रश्न मोटारी येण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी विचारला गेला होता.

1790 साली परशुरामभाऊ पटवर्धन टिपूच्या ताब्यातील धारवाडचा किल्ला घेण्यासाठी येथे येऊन दाखल झाले. त्यांच्या मदतीला कॅप्टन लिटल याच्या हाताखाली इंग्रजांची मुंबईची पलटण होती. किल्ल्यात टिपूचा सरदार बद्रुज्जमानखान. वेढा सहा महिन्यांहून अधिक चालला आणि एप्रिल 1791 मध्ये किल्ला हाती आला. इंग्रजांच्या तुकडीत एडवर्ड मूर नावाचा एक तरुण अधिकारी होता. याच मूरने पुढे हिंदू देवदेवतांवर मोठा ग्रंथ लिहिला, म्हणून त्याचे नाव विद्वानांना परिचित आहे. त्याने या मोहिमेची हकीकत 1794 साली प्रसिद्ध केली. मराठ्यांच्या तोफा आणि त्यांचे गाडे पाहून तो चकित झाला होता. तोफ अजस्र, गाडा ओबडधोबड, एकेका मोठ्या तोफेला शंभराहून अधिक बैल जुंपलेले, आणि चढ आला की मागून हत्ती आपल्या कपाळाने तिला रेटीत आहे, असे ते दृश्य होते.

मूर परका होता, त्यामुळे त्याच्या लिहिण्यातला थोडा कुत्सितपणा आपण वजा करू. तरीही मूळ गोष्ट शिल्लक राहते. त्या काळच्या आपल्या तोफखान्याने सुधारणा केली ती तोफेच्या आकारात. चाक, आस, गाड्याचे वजन, जू बांधण्याची रीत यांकडे लक्ष मागून गेले, किंवा गेलेच नाही. वजन वाढले की बैल वाढवायचे, बैल वाढले की वैरण वाढवायची, वैरण वाढली की ती वाहणारे बैल आणखी वाढवायचे. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर शंभर बैलांचा तांडा जेथल्या तेथे रुतून बसतो, हे सांगायला इतिहासकार नको. नवलगुंदचा कोणीही शेतकरी सांगेल. नाकापेक्षा मोती जड झाल्याचे याहून शब्दशः उदाहरण मला ठाऊक नाही.

याच्या उलट उदाहरण पाहायचे तर जरा उत्तरेला, सोलापूर जिल्ह्यात, टेंभुर्णीला जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तिसाव्यापर्यंत दख्खनमध्ये मालाची बहुतेक ने-आण लमाणांच्या आणि वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून होई. गाड्या होत्या, पण त्यांची चाके भरीव लाकडाची, काही ठिकाणी तर चक्क दगडाची. असली गाडी शेतातून वाड्यापर्यंत येई. मुंबईच्या वाटेला लागण्याची तिची प्राज्ञा नव्हती. 1836 साली लेफ्टनंट गायस्फर्ड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली टेंभुर्णीला सरकारी आश्रयाने गाड्यांचा कारखाना निघाला. तेथे हलकी, आऱ्यांच्या चाकांची, गावच्या सुताराला समजेल अशी गाडी तयार होऊ लागली. कारागीर मिळविण्यापासून अडचणी होत्या. पण गाडी लोकांना पटली आणि पसरली.

या गाडीत नवे काय होते, ते नीट पाहिले पाहिजे. तिला अधिक बैल लागत नव्हते. तिच्यात अधिक जागा होती असेही नव्हे. बदलले होते ते चाक, आणि कमी झाले होते ते वजन. शिवाय ती मोडली तर पंचक्रोशीत दुरुस्त होत होती. तुंबा, आरे, धाव, आस हे शब्द आज आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेले आहेत. पण हे चार अवयव ज्याला कळले त्याला कोणत्याही गाडीचे अर्धे शास्त्र कळले. बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे उंच का असते, याचा विचार आपण कधी करीत नाही. गाडीवाटेवर चाकांच्या येण्याजाण्याने दोन खोल चऱ्या पडतात. त्यालाच आपण चाकोरी म्हणतो. दोन चऱ्यांच्या मध्ये मातीचा उंचवटा राहतो. चाक उंच असेल तर आस त्या उंचवट्याच्या वरून जाते. चाक ठेंगणे असेल तर आस मातीत अडकते आणि बैल कितीही तगडे असले तरी गाडी पुढे सरकत नाही. ही गोष्ट आपण पुढे जीपच्या संदर्भात पुन्हा पाहणार आहोत.

धारवाडच्या मुलखात या नव्या गाडीचे भाग्य उजळले ते कापसामुळे. 1840 नंतर येथे अमेरिकन जातीचा कापूस रुजला. तो दातेरी यंत्रावर पिंजून, सरकी काढून, घाट उतरून कुमठ्याच्या बंदरावर जाई आणि तेथून जहाजाने मुंबईला. लिव्हरपूलच्या बाजारात ‘धारवाड’ हे कापसाच्या एका प्रकाराचे नाव होऊन बसले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेव्हा या कापसाला सोन्याचे मोल आले. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना बंदर हवे होते आणि बंदराकडे जाणारा घाट हवा होता. उत्तर कानडा जिल्हा 1862 साली मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला, त्यामागे कारवार बंदराचे हे राजकारण होते. घाटांतून सडका झाल्या, गाड्यांची रांग लागली; आणि पुढे 1880 नंतरच्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, हुबळीला तिचा कारखाना उभा राहिला, तेव्हा गाडीवानांचा तो लांबचा धंदा संपला.

आता जीपकडे वळू.

जुलै 1940 मध्ये अमेरिकेच्या सैन्याने एका हलक्या टेहळणी-गाडीसाठी 135 कारखान्यांना आवाहन केले. पहिला नमुना 49 दिवसांत हवा होता, आणि गाडीचे वजन 1300 पौंडांच्या आसपास असावे अशी अट होती. ही अट अशक्यप्राय होती. बँटम नावाच्या लहान कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून सप्टेंबरात नमुना हजर केला. त्यामागून विलीज आणि फोर्ड आले. विलीजच्या गाडीचे इंजिन साठ अश्वशक्तीचे, इतर दोघांपेक्षा पुष्कळ जोरकस. पण गाडी जड. सैन्याने वजनाची मर्यादा वाढवून 2160 पौंडांवर आणली, तरी विलीजची गाडी तीत बसेना. तेव्हा त्या कंपनीचे मुख्य अभियंता डेल्मर रूस यांनी गाडीचा सुटा-सुटा भाग तराजूवर घातला. बोल्ट गरजेपेक्षा लांब दिसले तर कापले, पत्रा पातळ केला, रंगाचा एक हात कमी दिला. असे करता करता गाडी मर्यादेच्या आत आली आणि पुढे तिचाच नमुना मान्य झाला. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या.

रूस यांची ही हकीकत मला फार मोलाची वाटते. जगातील सर्वांत नाणावलेली रानगाडी घडली ती काही जोडून नव्हे, तर काढून. इंजिनाचा जोर राखायचा हे त्यांनी आधी ठरविले, आणि त्यापायी बाकी प्रत्येक वस्तूला आपल्या असण्याचे कारण सांगायला लावले. आजचा हौशी मालक नेमके उलटे करतो. पुढचा पोलादी कठडा, त्याच्यामागे तार गुंडाळणारा विजेचा रहाट, टपावरचा पिंजरा, मागे दुसरे जादा चाक, हे सारे मिळून दोन-तीन माणसांचे वजन सहज होते. ही माणसे गाडीतून कधी उतरत नाहीत.

स्वतंत्र भारताचा जीपशी पहिला मोठा संबंध मात्र फारसा शोभादायक नव्हता. 1948 साली काश्मीरचे युद्ध चालू असताना लंडनमधील आपल्या उच्चायुक्तांच्या कचेरीने वापरलेल्या पण दुरुस्त केलेल्या अशा दोन हजार जीपगाड्यांचा सौदा केला. उच्चायुक्त होते व्ही. के. कृष्ण मेनन. प्रत्यक्षात आल्या त्या 155, आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या नव्हत्या. संसदेत गदारोळ झाला. 1955 साली सरकारने प्रकरण मिटले म्हणून जाहीर केले. राजकारणाचा भाग सोडून दिला तरी व्यवहाराचा भाग उरतो: जुनी गाडी रंगरूप पाहून घेऊ नये, चौकट आणि आस पाहून घ्यावी. हा नियम आजच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातही तसाच लागू आहे.

त्याच सुमारास मुंबईत वेगळी गोष्ट घडत होती. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम महंमद यांच्यासह 1945 साली पोलादाच्या व्यापारासाठी पेढी काढली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 साली पेढीचे नाव महिंद्र आणि महिंद्र असे झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच माझगावला विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडण्याचे काम सुरू झाले. पुढे कांदिवली, घाटकोपर, इगतपुरी, नाशिक अशी या गाडीच्या कारखान्यांची वाट महाराष्ट्रातून गेली. म्हणून जीप ही जन्माने अमेरिकन असली तरी तिचे पालनपोषण मराठी मुलखात झाले असे म्हणायला हरकत नाही.

2 ऑक्टोबर 1952 रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याबरोबर जीप खेड्यात पोहोचली. 1956 पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. कचेरीतल्या मराठी अंमलदारांनी आणि कानडी शेतकऱ्यांनी ही गाडी एकत्रच ओळखीची करून घेतली. त्या काळच्या जीपला साज म्हणून काय होते? कापडी टप, दुमडणारी काच आणि मागे टांगलेला पेट्रोलचा डबा. टायर अरुंद, सहा इंची. या अरुंद टायरांना मलनाडात चांगले यश येई. कारण तेथे वरचा चिखल वीतभर, आणि खाली जांभ्याचा टणक थर. अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो आणि गाडी चालते. काळ्या जमिनीत तीच गाडी रुते. कारण तेथे टेकायला तळच सापडत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून तिला हातभर भेगा पडतात, आणि ओली असताना टायरच्या खाचांत भरून राहून त्याचा गुळगुळीत रूळ करून टाकते. चिखलासाठी म्हणून विकले जाणारे खोल खाचांचे टायरसुद्धा येथे दहा-वीस फेऱ्यांत भरून जातात. म्हणजे एकाच जिल्ह्यात एकाच गाडीला दोन वेगळ्या टायरांची गरज, आणि आठवड्याचे सहा दिवस डांबरासाठी तिसऱ्याची!

1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि जीपच्या मालकांनी एक मोठा बदल हाती घेतला. पेट्रोलचे इंजिन काढून त्या जागी डिझेलचे बसवायचे. देशभर गावोगावच्या गॅरेजांतून हे काम झाले. कंपनीनेही आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले आणि पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या धाटणीचे डिझेल इंजिन जीपला दिले. खर्च वाचला यात शंका नाही. परंतु गॅरेजांत झालेल्या अदलाबदलीत पुष्कळदा एक उणीव राहून जाई. डिझेलचे इंजिन जड. त्याने पुढचे पाटे दबत. ब्रेक मात्र जुनेच, पेट्रोलच्या हलक्या गाडीसाठी बेतलेले. सपाटीवर ते चालून जात. अंकोल्याकडे जाणाऱ्या वाटेवर अरबैलचा घाट उतरताना, मागे दहा माणसे बसलेली असताना, ते पुरे पडत नसत. तोफ मोठी आणि गाडा जुना, असाच हा प्रकार. धारवाडच्या वेढ्यात बैल मरत होते, येथे माणसे मरण्याची पाळी होती.

यानंतरचा इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे, म्हणून भरभर सांगतो. 1985 साली मारुतीची जिप्सी आली. हलकी, पेट्रोलची, आणि सैन्यालाही पसंत पडलेली. 2000 साली बोलेरो, 2002 साली स्कॉर्पिओ. 2010 साली महिंद्रची ‘थार’ जुन्या जीपचे रूप घेऊन आली. 2 ऑक्टोबर 2020 रोजी तिची नवी आवृत्ती बाजारात आली आणि या गाडीचे स्वरूपच पालटले. आता अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या तिच्यात आल्या, ती घरच्या मंडळींना बसण्याजोगी झाली. रोज कचेरीला नेण्याची आणि रविवारी रानात नेण्याची गाडी एकच असू शकते, हे मध्यमवर्गाला तेव्हा पटले. इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एसयूव्ही’ म्हणून जी जात ओळखली जाते तिच्यातल्या पुष्कळ गाड्यांना मात्र दोनच चाकांना जोर असतो. थारचीही 2023 पासून केवळ मागच्या चाकांना जोर देणारी आवृत्ती मिळते. घेताना हे विचारून घ्यावे; कारण हा असा गुण आहे की जो मागून कोणत्याही गॅरेजात जोडून मिळत नाही.

या नव्या गाडीचे आकडे लक्षात घेण्यासारखे आहेत. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 2020 ची चार चाकांना जोर देणारी थार 650 मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, तिच्या पोटाखाली 226 मिलिमीटर मोकळी जागा आहे, आणि पुढून सुमारे 41 अंशांचा चढ ती नाक न आपटता घेते. 1941 च्या विलीजचा हा कोन 45 अंशांचा होता. म्हणजे ऐंशी वर्षांत इतकी सुखसोय भरूनही मूळ गुण फारसा ढळलेला नाही. सांगायचा मुद्दा असा की दांडेलीच्या रानवाटांना लागते त्याहून अधिक या गाडीत कारखान्यातूनच आलेले असते. मग साज कशासाठी?

हुबळी-धारवाडच्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर रानाकडे न पाहता आधी सडकेकडे पाहून द्यावे, असे माझे मत आहे. दोन्ही शहरांना वळसा घालणारा गब्बूर ते नरेंद्र हा बाह्यवळण रस्ता वर्षानुवर्षे दुपदरी होता, मध्ये दुभाजक नव्हता, आणि पुणे-बंगळूर मार्गाची सारी अवजड वाहतूक त्यावरून चाले. जानेवारी 2021 मध्ये इटिगट्टीजवळ दावणगेऱ्याहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींची मिनीबस आणि एक टिपर यांची टक्कर होऊन दहाहून अधिक जीव गेले. त्यानंतर रुंदीकरणाच्या मागणीने जोर धरला आणि काम हाती घेण्यात आले. थारवाल्याची गाडी वर्षातले तीनशे दिवस असल्या रस्त्यांवर असते. तेथे तिला वाचविणारी वस्तू रहाट नव्हे, टपावरचे दिवे नव्हेत. टायर आणि ब्रेक.

म्हणून पहिला पैसा टायरांवर. पण कोणत्या? चिखलाचे खोल खाचांचे टायर दिसायला मर्दानी असतात. ओल्या डांबरावर ते गाडी थांबवायला अधिक अंतर घेतात, गुणगुणतात आणि तेलही जास्त पितात. दोन्ही कामांसाठी केलेले मध्यम खाचांचे टायर येथे पुरेसे होत. त्यांचे माप मूळचेच ठेवावे, फार तर कंपनीने त्या गाडीच्या दुसऱ्या आवृत्तीला मान्य केलेले घ्यावे. टायर उंच केला की वेगदर्शक काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवितो, इंजिनाला ओढ लागते आणि त्याच ब्रेकला मोठे चाक थांबवावे लागते. टायरच्या बगलेवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाचा शाबूत असूनही सहा-सात वर्षांचा झालेला रबर कडक होतो, हे आपल्याकडे फार थोडे जण पाहतात. टायरांच्या जोडीला हवेचा दाब मोजणारे चांगले यंत्र आणि गाडीच्या विजेवर चालणारा छोटा पंप घ्यावा. मऊ जमिनीत दाब वीस पौंडांच्या आसपास उतरविला की टायर पसरतो आणि त्याचा जमिनीवरचा ठसा वाढतो. डांबरावर येताच हवा पुन्हा भरायची. एवढ्या स्वस्तात एवढा गुण देणारी दुसरी वस्तू मला दिसत नाही. आणि नेमकी हीच विकत घ्यायचे लोक विसरतात, कारण ती बाहेरून दिसत नाही.

टायरांच्या मागोमाग ब्रेकचे तेल आणि पट्टे, मग धक्के झेलणारे दांडे. ते झिजले असतील तर तेवढे बदलावेत. उंची वाढविण्यासाठी नव्हे, झिज भरून काढण्यासाठी. येथे चाकोरीची गोष्ट पुन्हा आठवू या. पुष्कळांचा समज असा की उंच स्प्रिंगा बसविल्या म्हणजे गाडीचे पोट वर गेले. चौकट वर जाते हे खरे. पण थारसारख्या गाडीची मागची आस अखंड असते आणि तिच्या मध्यावरचा दातेरी चक्रांचा गोळा चाकाच्या मध्याच्या उंचीवरच राहतो. स्प्रिंग कितीही उंच करा, तो गोळा केसभरही वर जात नाही आणि चाकोरीतल्या उंचवट्यावर जायचा तसाच आपटतो. त्याला वर नेते फक्त मोठे चाक. टेंभुर्णीच्या सुताराला हे ठाऊक होते. उंच स्प्रिंगांनी मिळते ते दिसण्याचे समाधान, आणि वळणावर अधिक कलणारी गाडी.

गाडी रुतलीच तर तिला ओढून काढण्याजोगी जागा पुढेमागे हवी. बहुतेक नव्या गाड्यांना ओढण्याचे कडे असते. ते चौकटीला पक्के बसविलेले आहे की नुसते बाजूला लावलेले, हे पाहून घ्यावे, आणि लोखंडी साखळीऐवजी रुंद कापडी पट्टा बाळगावा. साखळी तुटली तर ती गोळीसारखी उडते. एकट्याने रानात न जाता दोन गाड्यांनी जावे, म्हणजे रहाटाची गरज सहसा पडत नाही. पोटाखालचा पोलादी पत्रा जांभ्याच्या मुलखात जाणाऱ्याला उपयोगी आहे. नवलगुंदच्या बाजूला दगडच नाहीत, तेथे तो नुसता चिखल गोळा करतो.

उरले कठडे आणि दिवे. पुढच्या लोखंडी कठड्यांवर केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये बंदी घातली. असा कठडा समोरच्या पादचाऱ्याला घातक असतोच. शिवाय टक्कर झाल्यावर हवेच्या पिशव्या नेमक्या क्षणी उघडाव्यात म्हणून जी यंत्रणा असते तिच्या कामातही तो अडथळा आणतो. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील 52 व्या कलमाचा अर्थ लावताना स्पष्ट केले की नोंदणीपत्रातील निर्मात्याचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. 1975 साली जीपचे इंजिन बदलणारा मालक आणि आजचा मालक यांच्यात हा मोठा फरक आहे. अपघातानंतर विम्याचा दावा तपासणारा माणूस अशाच गोष्टी आधी बघतो. जादा दिव्यांविषयी एवढेच सांगतो, की हुबळीच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपविणारा दिवा आपलाही बचाव करीत नाही. आंधळा झालेला ट्रकवाला शेवटी आपल्याच अंगावर येतो.

काळ्या जमिनीचा प्रश्न मात्र कोणत्याही साजाने सुटलेला नाही. आषाढात नवलगुंदच्या बाजूला पाऊस झाला की गाडीवाट तासाभरात लोण्यासारखी होते. बैलगाडी, ट्रॅक्टर, जीप, थार, सर्वांची तेथे सारखीच गत. शेतकरी अशा वेळी वापसा येण्याची वाट पाहतात. ऊन पडल्यावर जमीन पाऊल धरू लागायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर ते आपले वाहन डांबरी सडकेच्या कडेला उभे करतात, पायतण हातात घेतात आणि बांधावरून शेतापर्यंत चालत जातात.